जोगवा मागणारा झिंगा

मला 'साफसफाई' या शब्दाचा राग येतो. गिऱ्हाईक दुकानात शिरतं, काचांवरून एक नजर फिरवतं आणि विचारतं, "काकू, टाकी साफ ठेवणारं काही आहे का?" मासा कोणता, त्याला काय लागतं, तो किती मोठा होतो, यातलं काही ऐकायचं नसतं. घाण खाऊन जगणारं आणि आपण काहीही केलं तरी न मरणारं एखादं जनावर पाहिजे असतं. असं जनावर नाही म्हणून सांगितलं की माणसं माझ्याकडे मी लपवून ठेवल्यासारखं बघतात.

धाराशिवात बावीस वर्षं मी शोभेच्या माशांचं दुकान चालवते. आम्ही लिंगायत. घरात कन्नड बोलतो, आणि आमच्या खानदानात कुणी मासा चाखलेला नाही. तरी गावात मी 'मासेवाल्या काकू'. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोन करून पापलेटचा भाव विचारतं. दुकानात नवीन माणूस आला की म्हणतो, "मालक कुठंयत?" मी म्हणते, "मीच." तो म्हणतो, "तसं न्हाई, म्हंजी माशातलं कळणारं कोण हाय?" पहिली काही वर्षं मी यावर हसायचे. आता हसत नाही.

हे लिहायचं कारण एक झिंगा आहे. आमच्या धंद्यात त्याला 'बांबू श्रिम्प' म्हणतात. कोळंबीच्या जातीतला, पण गोड्या पाण्यातला, माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि जाड. रंग भाजलेल्या विटेसारखा, पाठीवर एक फिकी रेघ. त्याला नांग्या नसतात. तो कुणाला चावत नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. पुढच्या चार पायांच्या टोकाला दाढीच्या ब्रशासारखे बारीक केस असतात. पाण्याचा प्रवाह येतो तिकडे तोंड करून हा लाकडावर उभा राहतो आणि ते चारही ब्रश छत्रीसारखे उघडतो. वाहत्या पाण्यातून डोळ्यांना न दिसणारे अन्नाचे कण येतात, ते त्या केसांत अडकतात. मग एकेक हात मिटायचा, तोंडात घालून पुसून घ्यायचा, परत पसरायचा. दिवसभर एवढंच. बघत बसलं की माणसाला वेळेचं भान राहत नाही.

म्हणजे त्याला तीन गोष्टी लागतात. टाकी जुनी, मुरलेली पाहिजे. पंप चालू पाहिजे, कारण पाणी वाहिलं नाही तर त्याच्या हातात काही येत नाही. आणि खाणं मैद्यासारखं कुटून प्रवाहात सोडलं पाहिजे. आमच्याकडे नळाला कधीतरी पाणी येतं आणि येतं तेव्हा त्याला ब्लीचिंगचा वास असतो. ते दोन दिवस पिंपात उघडं ठेवूनच टाकीत घालावं लागतं. लाईट गेली की पंप बंद. म्हणून मी इन्व्हर्टर नसलेल्या घरात हा झिंगा द्यायला राजी नसते.

आणि तो उपाशी पडला की काय होतं, तेही सांगते, कारण सगळा राग तिथंच आहे. उपाशी झिंगा प्रवाह सोडून खाली उतरतो, हात मिटतो आणि मिटलेल्या हातांनी तळातली वाळू खरवडायला लागतो. काही मिळतंय का बघतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय झाडतोय!

पहिला माल आला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पुण्याच्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, "मॅडम, क्लीनर म्हणून विका, पटापट जातील." मी माझ्या हातानं पाटी लिहिली, 'टाकी साफ ठेवणारा झिंगा'. पटापट गेले. दोन-तीन महिन्यांत सगळे मेले. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन यायची आणि मी म्हणायचे, तुमचं पाणी वाईट. एकच माझ्याकडे उरला होता, तो योगायोगानं पंपाच्या तोंडापाशी बसायचा. तो जगला, चांगला जाड झाला. त्याच्याकडे बघून मला कळलं, की बाकीचे सगळे झाडून झाडून भुकेनं मेले, आणि माझ्या पाटीमुळे मेले. पाटी फाडली. पण ज्यांना खोटं सांगितलं त्यांच्या घरी जाऊन काही मी माफी मागितली नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी हा झिंगा चौकशी करूनच द्यायला लागले. तरी माणसं चुकायचीच. ढोकीला साखर कारखान्यात एक कारकून होते. वाचन केलेलं, वहीत सगळं उतरवून घेतलेलं. एक दिवस दुपारी कागदाच्या पुडीत झिंगा घेऊन आले आणि पुडी काउंटरवर आपटली.

"काकू, मेला तुमचा झिंगा. चार महिन्यांत."

मी पुडी उघडली. आत नुसती कात होती. हा प्राणी वाढताना अख्खं कवच उतरवतो, डोळ्यांपासून मिशांपर्यंत. पाठीवर चीर असते आणि आत काही नसतं. नवं कवच कडक होईपर्यंत तो चार-पाच दिवस लाकडामागे दडून बसतो.

"अहो, हे त्यानं काढून टाकलेलं कवच आहे. तो आत टाकीतच आहे. घरी फोन करा, टाकीला हात लावू नका म्हणावं."

त्यांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. "अगं, टाकीला हात लावू नको."

पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "लावू नको म्हंजी? तुमीच म्हणालात की मेलाय, धुऊन टाक. धुतली. ब्लीचिंग टाकून मस्त घासली. लाकूड बी उन्हात टाकलंय."

ते कारकून माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मी पाणी दिलं. रागावण्यासारखं मला त्यांच्यात काही दिसलं नाही. ज्याच्यावर राग आला आणि अजून आहे, तो माणूस तुळजापूरचा.

त्यांचं लॉज आहे तिथं. लॉजचं नाव लिहीत नाही. माणसाला मुकुंदराव म्हणू या. स्वागताच्या खोलीत त्यांची चार फुटी टाकी होती आणि ती सांभाळायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. पंधरा दिवसांनी मी पाइप, बादली आणि जाळी घेऊन एसटीनं जायचे. टाकी जुनी, पंप जोरदार, लॉजला जनरेटर. माझ्याच मनात आलं, इथं झिंगा शोभेल. मीच सुचवलं, मीच नेऊन सोडला. हे पहिल्यांदा कबूल करते.

सुरुवातीला बरं चाललं. प्रवाहात लाकडावर उभा राहून तो चारही हात पसरायचा. देवीच्या दर्शनाला आलेली माणसं खोलीच्या किल्लीची वाट बघत तिथं बसायची. त्यातली एक बाई म्हणाली, "अगं बाई, हे तर जोगवा मागायलंय!" तुळजापुरात असं काही बोललं गेलं की ते तिथंच राहत नाही. आराधी बायका परडी पुढं करून देवीच्या नावानं जोगवा मागतात, तसे याचे हात. माणसं फोटो काढायला लागली. शेजारच्या लॉजमधली माणसं बघायला यायला लागली. मुकुंदरावांनी टाकीवर पाटी लावली, 'देवीच्या दारी जोगवा मागणारा झिंगा'.

पुढच्या खेपेला मी गेले तर टाकीचं झाकण काढून ठेवलेलं. पाणी लालसर पिवळं. तळाला नाणी, त्यात तांब्याची जुनी नाणीसुद्धा. बत्तासे विरघळलेले, लाह्या तरंगत होत्या, हळदीकुंकवाचा थर काचेला. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"मुकुंदराव, हे काय?"

"काकू, लोकांची श्रद्धा हाय. म्या कसं आडवू?"

"झाकण लावून. तांबं झिंग्याला विष आहे. माशांच्या औषधात थोडं तांबं असलं तरी तो मरतो. आणि कुंकू त्याच्या हातात अडकतं, तेच त्याच्या पोटात जातं."

"बरं, लावतो झाकण."

मी तीन तास टाकी धुतली, नाणी वाटीत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी फोन. "काकू, तो मेला की. दुसरा आना. लोक विचारायलेत."

आणि मी दुसरा नेला. मुकुंदरावांनी झाकणाला कुलूप लावतो म्हणून शब्द दिला होता, हे खरं. त्यांच्या ओळखीनं तुळजापुरातल्या आणखी तीन टाक्या माझ्याकडे होत्या, हेही खरं. मी मनाची समजूत घातली, की मी लक्ष ठेवीन तर जगेल. पंधरा दिवसांनी एकदा येणारी बाई काय लक्ष ठेवणार?

पुढच्या खेपेला गेले त्या दिवशी मंगळवार होता, लॉजमध्ये गर्दी. झाकणाला कुलूप खरंच होतं. मला बरं वाटलं. पण टाकी गप्प होती. पंपाचा आवाज नाही, पाण्यावर एक सुरकुती नाही. झिंगा खाली वाळूवर, हात मिटलेले, खरवड खरवड चाललेली. कवचातून अंग आक्रसलेलं दिसत होतं.

"पंप का बंद आहे?"

मुकुंदराव हसत आले. "मीच बंद केलाय. पानी हालतंय, फोटो नीट येत न्हाई. आठ-धा दिवस झाले. पण गंमत बघा काकू, आता त्यानं नवीनच चालू केलंय." मग सोफ्यावर बसलेल्या माणसांकडे वळून, हात दाखवून म्हणाले, "बघा, देवीचं आंगन झाडायलाय!"

माणसांनी हात जोडले. एकानं मोबाइल वर केला.

मला फार राग आला की माझ्या तोंडात कन्नड येतं. "साकु!" मी ओरडले. बस म्हणजे बस. मग मराठीत आले. "झाडत नाही तो! उपाशी आहे. दहा दिवस तुम्ही त्याच्या तोंडचं खाणं बंद केलंय आणि वर लोकांना दाखवताय. तुमचं जेवण दहा दिवस बंद केलं आणि तुम्ही फरशी चाटायला लागलात, तर मी फोटो काढू का?"

मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले, "काकू, गिऱ्हाइकांम्होरं आवाज खाली."

"नाही करणार."

"एका किड्यासाठी?"

भिंतीशी जमिनीवर एक म्हातारी बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, शेजारी परडी. आराधी. कुणा नातेवाइकाला खोली मिळायची वाट बघत होती. ती उठून माझ्याजवळ आली.

"बाई, काय खातंय ते?"

मी पंप चालू केला, पिशवीतून पावडरीची डबी काढली, कुलूप उघडायला लावलं आणि चिमूटभर पावडर प्रवाहात सोडली. "हे असं. वाहत्या पाण्यातून जे येईल ते हातात झेलतो आणि खातो. मागे धावत नाही, कुणाचं हिसकावत नाही. पाणी थांबलं की संपलं त्याचं."

तिनं काचेला नाक लावून बराच वेळ बघितलं. झिंगा जागचा हलला नाही. मग ती मुकुंदरावांकडे वळली.

"मालक, जोगवा मागतंय म्हणून पाटी लावलीस. मग घातलास का त्याला? जोगवा परडीत घालत्यात. मागणाऱ्याच्या अंगावर पैका फेकून मारत न्हाईत, आन त्याचं पानी बी तोडत न्हाईत."

"आजी, तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"माशातलं न्हाय कळत. मागण्यातलं कळतंय. म्या साठ वर्सं मागायलेय." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुजं हाय का त्याचं?"

"त्यांचं. विकत घेतलंय त्यांनी."

"मग सरक."

तिनं परडी उचलली, दोन्ही हातांनी मुकुंदरावांसमोर धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मालक, अंबाबाईचा जोगवा घाल. त्यो झिंगा घाल."

मुकुंदरावांनी आजूबाजूला बघितलं. सोफ्यावरची माणसं उभी राहिली होती. तुळजापुरात, मंगळवारी, देवीच्या नावानं पुढं आलेली परडी रिकामी परतवायची हिंमत त्या गावातल्या कुठल्या लॉजमालकाला होईल? त्यांनी खिशात हात घातला. म्हातारी म्हणाली, "पैका नगं." शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली.

मी झिंगा टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत घेतला. म्हातारीनं पिशवी परडीत टेकवून घेतली आणि लगेच माझ्या हातात दिली. "मला ह्याचं काय बी जमत न्हाय. तू सांभाळ. म्या सोनाबाई, जळकोटची. नातवाच्या फोनवरनं इचारीन."

तो झिंगा नऊ दिवस जगला. मी त्याला दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीत, पंपाच्या तोंडापाशी ठेवलं. दोनदा त्यानं हात उघडले. नवव्या दिवशी पडलेला दिसला. वेळ निघून गेली होती. त्यानंतर सोनाबाईंचा फोन आला, "कसंय आमचं?" मी म्हणाले, बरं आहे. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही बरं आहे म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी मेलेलाच जोगवा घातला म्हन की त्यानं." आणि लगेच, "तू खोटं कामून बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटून काय व्हणार हाय? त्या मालकाला वाटाया पायजे. येत्या मंगळवारी म्या तुळजापूरला येतेय. तू बी ये."

मी गेले. आम्ही दोघी लॉजमध्ये शिरलो. पाटी तिथंच होती. आणि टाकीत नवा झिंगा होता, दुसऱ्या कुठल्या शहरातून मागवलेला. पंप बंद. हा बिचारा तर माझ्याकडच्यापेक्षाही मोठा होता, निळसर झाक असलेला, लांबच्या देशातून आलेल्या जातीचा. वाळू खरवडत होता.

सोनाबाईंनी सरळ परडी पुढं केली.

"आजी, एकदा घातला की," मुकुंदराव म्हणाले.

"त्यो मेला. जोगवा एकदाच मागत न्हाईत. तू आणीत जा, म्या दर मंगळवारी मागत जाईन. जळकोटहून गाडी हाय."

लोक पुन्हा जमले. मुकुंदरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाटी ओढून काढली, टेबलावर टाकली आणि मला म्हणाले, "काकू, घेऊन जा. न्या सगळं. पर ह्याच्याफुडं माझ्या दारात पाऊल ठेवू नका, आन ह्या गावात टाकी धुवायचं काम कोन देतंय तेबी मी बघतो."

त्यांनी शब्द पाळला. कुलपाचा सोडला तर त्यांनी दिलेल्या शब्दांतला मला आठवतो तेवढा हा एकच पाळलेला. महिन्याभरात तुळजापुरातल्या माझ्या बाकीच्या तीनही टाक्या गेल्या. एकानं फोन तरी केला, दोघांनी तोही नाही. लॉजमध्ये आता प्लास्टिकचे मासे चुंबकावर गोल फिरतात असं ऐकते. आणि तरी मला राग आहे, कारण मुकुंदरावांना आजही वाटतं की दोन बायकांनी एका किड्यासाठी त्यांचा चारचौघांत अपमान केला. कुणाच्या तरी भुकेचा त्यांनी खेळ मांडला होता, हे त्यांच्या डोक्यात शिरलेलंच नाही. आणि ज्यांनी हात जोडले, फोटो काढले, त्यांच्याही नाही. हा झिंगा मी आता विकत नाही. कुणी मागितला तर नाही म्हणते, आणि का म्हणून विचारलं तर भांडते. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत.

त्या मंगळवारी सोनाबाईंनी जळकोटची गाडी सोडली आणि माझ्याबरोबर उलट्या दिशेनं धाराशिवला आल्या. "खातंय का बघते, मंग जाते," म्हणाल्या. नव्या झिंग्याची पिशवी वाटभर त्यांच्या मांडीवर होती. दुकानात आल्यावर मी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, मग त्याला मोकळं सोडलं. तो लाकडामागे गेला आणि दिसेनासा झाला. मी शटर अर्धं ओढलं. सोनाबाईंना स्टूल दिलं तर त्या फरशीवरच बसल्या. चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि काचेवरची नजर हलवली नाही. मी पावडर सोडली. एक तास गेला असेल. दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला मी हातानंच घालवलं.

मग लाकडाच्या वरच्या टोकाला दोन मिशा दिसल्या. तो हळूहळू वर चढला, पंपाकडे तोंड केलं, पाय घट्ट रोवले. एक हात उघडला, मिटला. परत उघडला. मग दुसरा. मग चारही. एक हात तोंडात गेला, बाहेर आला, पसरला.

मी सोनाबाईंकडे बघितलं. त्यांना हात जोडावेसे वाटतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जोडले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि परडी काखेत घेतली.

"खायलंय," त्या म्हणाल्या. "चल, मला गाडीत बसवून दे. उशीर झालाय."